कोसमटोल्याच्या ओल्या भिंती

संपादकांनी फोनवर विषय सांगितला, 'टीम सांभाळण्याचे अनुभव'. वर म्हणाले, बाई, नव्या लोकांना चार धडे मिळतील असं लिहा. धडे माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे भांडणं आहेत आणि त्यातली बरीचशी मी अजून सोडलेली नाहीत. आरोग्य खात्यातून सहायिका म्हणून निवृत्त झाले तोवर जिल्ह्याच्या मीटिंगांमध्ये माझ्या नावाआधी एक विशेषण पक्कं चिकटलं होतं, ढिली. ढिली बाई, तिच्या पथकात माणसागणिक वेगळा नियम. ते विशेषण पुसलं जावं म्हणून मी हे लिहीत नाही. माणसागणिक नियम वेगळा होता हे खरंच आहे. तो का होता, हे मला त्या मीटिंगांमध्ये कोणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते.

लसीकरण आणि बाळंतपणं हे माझं मूळ काम. पण आमच्या केंद्रातली हिवतापाचं काम बघणाऱ्या सहायकाची जागा रिकामी झाली आणि फवारणी पथक 'तात्पुरतं' माझ्या गळ्यात पडलं. सरकारी तात्पुरतं किती टिकतं ते वाचकांना माहीत असेल. पथक म्हणजे हंगामापुरती घेतलेली माणसं, पंप, बादल्या आणि औषधाच्या पुड्या. शहरातल्या लोकांना वाटतं आम्ही धूर सोडत गल्लीतून फिरतो. तसं नसतं. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत औषध भिंतीवर मारायचं असतं, घराच्या आतून. माणसाला चावून जड झालेला डास जवळच्या भिंतीवर टेकतो, तिथे त्याला औषध लागतं आणि तो मरतो. भिंतीवर नीट मारलं आणि त्याला कोणी धक्का लावला नाही, तर औषध अडीच-तीन महिने काम करतं आणि तापाचे वाईट महिने निघून जातात. पण खोली सगळी मारायला हवी. स्वयंपाकघर सोडलं, देवघर सोडलं, की डास तिथेच जाऊन बसतो.

पथकात सगळ्यांत मोठे देवरावभाऊ, पोंभुर्ण्याकडचे धानाचे शेतकरी. शेताचं काम उरकलं की फवारणीला यायचे. त्यांना मी सकाळी फक्त गावाचं नाव सांगायची. त्याहून एक शब्द जास्त बोललं तर भाऊंचा चेहरा पडायचा, 'मले शिकवून राह्यल्या का?' असा. त्यांच्या उलट प्रमोद. गडचांदूरचा, बी.ए. झालेला, सिमेंट कारखान्यात कायम होण्याची वाट बघून थकलेला. त्याला सगळं नियमासकट सांगावं लागायचं आणि नियमामागचं कारणही. कारण सांगितलं नाही तर हा पंप खाली ठेवून उभा. आणि सुमन, पथकातली एकटी बाई. ती आदिवासी, कोसमटोल्याची. गावाचं खरं नाव दुसरं आहे, इथे हेच चालवू. सुमनला हुकूम दिला की ती गप्प होऊन करायची, पण मग दिवसभर बोलायचीच नाही आणि गोंडी गावात तिचं बोलणं हेच आमचं अर्धं काम. म्हणून तिला मी सांगायची नाही, विचारायची. अजून दोघंतिघं होते, ते या तिघांच्या मागे चालायचे.

तर असं तीन माणसांशी तीन रीतींनी वागणं म्हणजे माझा ढिलेपणा. ज्यांनी कधी माणसं सांभाळली नाहीत त्यांना हे फार सोपं वाटतं. एकच दंडुका सगळ्यांवर चालवणं सोपं असतं, रात्री झोपही छान लागते. माझ्या पद्धतीत रोज कोणीतरी रुसलेलं. "भाऊले तुमी काईच म्हणत नाई, मले मात्र सारा हिशेब विचारता," हे प्रमोदचं पालुपद. "त्या पोराले समजावाले अर्धा तास देता, आमाले सीधं जा म्हणता," हे भाऊंचं. मी दोघांनाही सांगायची की होय, मी भेदभाव करते आणि उद्याही करीन. ज्याला जे लागतं ते त्याला देते. पटलं नाही तर पंप माझ्याकडे द्या. पंप कोणी दिला नाही.

मात्र काही गोष्टींत मी वाकले नाही, आणि ढिलं माणूस अचानक ताठ झालं की लोकांना जास्त राग येतो हेही तेव्हाच कळलं. पहिली गोष्ट खर्रा. आमच्याकडे खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला घास. तो हातानं तोंडात टाकायचा आणि तेच हात दिवसभर विषात. एकदा भाऊ घराच्या मागे जाऊन गाल फुगवून आले. मी पंप काढून घेतला आणि त्यांना पाणी भरायला लावलं, सगळ्यांसमोर. ते वयानं मोठे, मी त्यांना कधी आवाज चढवला नव्हता.

"तारीख बदलते तुमची, जेवाची सुट्टी बदलते, अन् खर्रा तेवढा चालत नाई?" ते म्हणाले.

"तारीख चुकली तर कागद खराब होतो, भाऊ. खर्रा खाल्ला तर तुम्ही."

ते पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुपारीची नुसती खांडं चघळत आले आणि मला दिसेल असं तोंड उघडून दाखवलं. मी हसले नाही, महत्प्रयासानं.

दुसरी गोष्ट देवघराची. आरमोरीच्या बाजूला एका गावात आम्ही मदतीला गेलो होतो. मोठं शेतकऱ्याचं घर, ओसरीवर म्हातारे मालक. प्रमोदनं सगळ्या खोल्या मारल्या, देवघराशी आला तर मालक उठले. "इथी तू नको येऊ. देवरावभाऊले पाठवा." कारण कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. प्रमोदचं आडनाव त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं, आणि प्रमोद विहारात जाणाऱ्या घरातला, माझ्यासारखाच. भाऊ भले माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मी मारतो नं, पाच मिनटाचं काम हाय. कायले तमाशा?" त्या क्षणी तेच शहाणपणाचं दिसत होतं. औषध भिंतीवर जाणं महत्त्वाचं, कोणाच्या हातून ते नाही, असं मीच एरवी म्हटलं असतं. पण मी म्हणाले, या घराची पाळी प्रमोदची आहे. तो मारेल, नाहीतर देवघर राहील. देवघर राहिलं. आम्ही पंप उचलून निघालो. दुसऱ्या दिवशी त्याच घरची सून रस्त्यावर आमची वाट बघत उभी. "बाबाजी वावरात गेलेत. त्या भाऊले बोलवा, मारून घ्या लवकर," प्रमोदकडे बोट दाखवून ती म्हणाली. प्रमोद आत गेला आणि नेहमीपेक्षा सावकाश, कोपरा न कोपरा मारून आला. मला मात्र त्या सुनेच्या धिटाईचा आनंद कमी झाला आणि चोरून बोलवावं लागलं याचा राग जास्त राहिला. तो अजून आहे.

आता कोसमटोला. हे गाव नाल्यापलीकडे, जंगलाच्या अगदी कुशीत. मी पथक घेण्याच्या आधीच्या वर्षी तिथे फवारणी ठरल्या तारखेला झाली होती, प्रत्येक घरी, अगदी नियमानुसार. आणि त्यानंतर आठवड्याभरात गावानं घरं सारवली. नवा हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान घरात यायच्या आधी सगळ्या भिंती मातीनं नव्या करायच्या आणि मगच नव्या धानाचा घास खायचा, ही तिथली रीत. औषध भिंतीवर, त्यावर ओल्या मातीचा थर. डासाला पाहिजे होती तशी कोरी भिंत मिळाली. त्या हंगामात सुमनच्या बहिणीचा मुलगा तापानं गेला. मेंदूत चढला ताप, दवाखान्यापर्यंत पोचला नाही. कागदावर कोणाचीच चूक नव्हती. फवारणी शंभर टक्के.

बहिणीला आता एकच लेक उरली होती, चार-पाच वर्षांची. सुमननं हे मला बसमध्ये सांगितलं, खिडकीबाहेर बघत. "बाई, यंदाबी तारीख सणाच्या आधीच आली," एवढंच ती म्हणाली. मागणं काहीच नाही. मी कार्यक्रम काढून बघितला. तारीख खरंच तशीच होती, कारण दरवर्षी गावांची नावं त्याच क्रमानं उतरवली जायची.

मी पथकाला विचारलं. प्रमोदचं म्हणणं बिनतोड होतं. "मॅडम, सण होऊन जाऊ दिला अन् मग गेलो, तं मधातले दिवस भिंती कोऱ्या. त्या दिवसात कोनाले ताप आला तं? अन् आपल्याले इकडून दुसऱ्या गावाची तारीख. पुन्हा वापस कोन येऊ देईन?" मग उरलं एकच. सारवण आधी करून घ्यायचं.

सुमनला घेऊन मी गावात गेले. गायता, म्हणजे गावाचा पुजारी, अंगणात दोरी वळत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि सुमनच्या तोंडून सांगितलं की सणाचा दिवस हलणार नाही, तो धान बघून ठरतो. पण भिंती हे बायांचं काम, त्यांना विचारा. बाया म्हणाल्या, वेळ कुठे आहे? निंदण चालू आहे, पांढरी माती नाल्यापलीकडच्या खड्ड्यात, सणाच्या वेळी सगळं गाव मिळून आणतं, आता कोण आणणार? बराच वेळ त्यांच्यात गोंडीत घमासान चाललं. मला कळत नव्हतं, सुमनही मध्येच भाषांतर सोडून त्यात उतरली. शेवटी ठरलं ते असं. माती आणून दिली तर आतल्या भिंती आत्ता सारवू. दाराची चौकट आणि अंगणाकडची भिंत सणाला ठेवू, म्हणजे नव्या धानाचा मान राहील. गायत्यानं दोरी वळता वळता मान हलवली.

माती आणणार कोण, तर आम्ही.

"मी फवारणीचा माणूस हाओ," प्रमोद म्हणाला. "माती वाहाले नाई आलो. हे कोणत्या नियमात बसते ते सांगा मले."

"कुठल्याच नाही," मी म्हणाले. "तू वाहू नकोस. पंप धुऊन ठेव."

इथे मला खूप जणांनी नंतर सांगितलं की हुकूम द्यायला हवा होता. का द्यायचा? तो खरं बोलत होता. बाकीचे टोपली घेऊन निघाले, भाऊ सगळ्यांत पुढे. माझीही कंबर त्या वयात कुरकुरत होती तरी मी दोन-चार खेपा घातल्या. नाल्याला गुडघाभर पाणी. बायांनी ती माती भिजवली, हातानं भिंतींवर ओढली आणि अर्धं गाव दुपारपर्यंत आतून पांढरं झालं. भाऊंना इतका अभिमान वाटला की त्यांनी फोन काढला, टोपलीसकट सगळ्यांचा फोटो घेतला आणि टेकडीवर जाऊन रेंज शोधून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर रोज फवारणीचे फोटो जायचे. आमचा गेला मातीच्या टोपल्यांचा.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. गाडी नाल्याशी थांबली, ते बूट हातात धरून पलीकडे आले. माणूस वाईट नव्हता. पश्चिमेकडून बदली होऊन आला होता आणि वरच्यांना घाबरायचा. त्याच्या मागे रोजच्या आकड्यांचा लकडा होता हे मला ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाच्या हाती काम गेलं की त्याचं काय होतं तेही मला ठाऊक होतं.

"मॅडम, आज या गावाची तारीख. पंप कुठे आहेत?"

"धुऊन ठेवलेत. काल अर्धं गाव सारवलं, उरलेलं आज. सुकलं की मारू."

"सारवणं हे आपलं काम आहे का?"

"नाही. पण ते आपल्यानंतर झालं तर आपलं काम वाया जातं. मागच्या वर्षी गेलं. या गावात एक मूल त्या वाया गेलेल्या कामात मेलं आहे, साहेब, आणि त्याची मावशी तुमच्यासमोर उभी आहे."

साहेबांनी सुमनकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग ते माझ्याशी बोलायचं सोडून थेट पथकाशी बोलले. "आजच्या तारखेत फवारणी दिसली पाहिजे. पंप भरा. मी सांगतोय."

माझ्या कामाच्या पद्धतीची परीक्षा म्हणायची तर ती हीच. मी कधी यांना हुकूम ऐकायची सवय लावली नव्हती, आणि माझ्या बाजूनं उभे राहा असंही शिकवलं नव्हतं. भाऊ जागचे हलले नाहीत, खाली बघत राहिले. सुमन दाराला टेकली. प्रमोदनं मात्र पंप उचलला, औषध मोजून मिसळलं, मास्क लावला, हातमोजे चढवले आणि पहिल्या घराकडे निघाला. ते घर सुमनच्या बहिणीचंच होतं. साहेबांचा चेहरा सैलावला. मी प्रमोदला अडवलं नाही. अडवायचं फार मनात होतं.

आत जाऊन तो लगेच बाहेर आला. उजवा हातमोजा काढलेला, तळहात पांढरा.

"साहेब, भिंत वली हाय. वल्या भिंतीवर फवारनी करता येत नाई, औषध धरत नाई. नियमात हाय. तुमी लेखी द्या, मंग मारतो."

साहेब लेखी देणार नव्हते. ते पुन्हा बूट हातात घेऊन नाला उतरले. जाताना मला म्हणाले, "याची नोटीस निघेल." मी म्हणाले, काढा. प्रमोदनं मिसळलेल्या औषधाकडे बघत फक्त एवढं विचारलं, "मॅडम, हे आता वाया नाई जाणार नं?" तेही खरंच होतं. मिसळलेलं औषध ठेवता येत नाही. नाल्याअलीकडे गावाचाच दोन घरांचा टोला होता, ती घरं काल सगळ्यांत आधी सारवलेली, सुकली होती. तिथे त्यानं ते मारलं आणि त्या तारखेला फवारणी दिसली.

भिंती सुकल्यावर आम्ही कोसमटोल्यातलं एकही घर सोडलं नाही, चूल, कोठी, देवाची जागा, सगळं. सणाला बायांनी फक्त चौकट आणि बाहेरची भिंत सारवली. नोटीस आली. मी उत्तर दिलं, 'भिंत ओली होती.' ते उत्तर उद्धट ठरलं. पथक माझ्याकडून काढून एका शिस्तीच्या माणसाला दिलं गेलं, शेरा आला की कर्मचाऱ्यांवर नियंत्रण नाही. नव्या माणसानं सगळ्यांना एकच नियम लावला आणि भाऊ पुढच्या हंगामाला आलेच नाहीत. त्याचं मला वाईट वाटतं. भाऊंसारख्या माणसाला रोज सकाळी रांगेत उभं करून नाव पुकारणं, हे त्यांना सहन होण्यातलं नव्हतं. मी फोन केला तर म्हणाले, "वावरच बरं हाय, बाई. धान हजेरी नाई घेत." मला हसूही आलं आणि रडूही.

पथक गेलं तरी माझं मूळ काम होतंच. तापाच्या ऐन महिन्यात लसीकरणाला मी कोसमटोल्याला गेले, सुमन सोबत होती. तिची बहीण दारात लेकीला कडेवर घेऊन उभी. मुलीचं अंग गरम होतं. सुमनच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. मी पिशवीतून तपासणीची पट्टी काढली, मुलीचं बोट धरलं आणि टोचलं. थेंब पट्टीवर घेतला आणि आम्ही तिघी त्या पट्टीकडे बघत बसलो, हिवतापाची दुसरी रेघ उमटते का म्हणून. मी अंगणातल्या कोंबड्या बघितल्या, पुन्हा पट्टी बघितली. दुसरी रेघ आली नाही. नाक वाहत होतं, साधी सर्दी होती.

फवारणीनंच ती वाचली असा दावा मी करणार नाही. मच्छरदाणी होती, गावातली आशा चांगली होती. पण त्या हंगामात कोसमटोल्यातून एकाही मुलाला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागला नाही, आणि ते गाव ढिल्या बाईच्या ढिल्या पथकानं फवारलं होतं. हे मी कुठल्याही मीटिंगमध्ये उभी राहून सांगेन.

बोट टोचल्याचा राग त्या मुलीला पट्टी वाळून गेल्यावरही गेला नव्हता. आईच्या कडेवरून ती मला लाथा मारायचा प्रयत्न करत होती आणि गोंडीत भरघोस शिव्या देत होती, सर्दीनं बसलेल्या आवाजात, न थांबता. मी सुमनला विचारलं, काय म्हणते गं? सुमन डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "लय वाईट बोलून राह्यली. बोलू द्या तिले."